खंजीर फेकण्याआधी ठरवून घ्या

नव्याने डीएम (खेळ चालवणारा) होणाऱ्या कुणी मला विचारलं, की आधी काय वाचू, तर मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकातलं शस्त्रांच्या तक्त्याचं पान उघडून देते. मंत्र खेळता खेळता समजत जातात. फेकून मारायच्या शस्त्रांचं तसं होत नाही. तिथला घोळ बरेच दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि येतो तेव्हा माणसं दुखावलेली असतात.

आमच्या जुन्या ग्रुपची मोहीम अशीच बंद पडली. तेव्हा मी खेळाडू होते, डीएम दुसरा मित्र होता आणि खेळ २०१४च्या पाचव्या आवृत्तीचा. फाइटर खेळणाऱ्याने आर्चरी शैली घेतली होती. तिच्यामुळे पल्ल्याच्या शस्त्रांना हल्ल्याच्या रोलवर +२ मिळतात. एक गॉब्लिन त्याला खेटून उभा होता आणि त्याने लांबच्या दुसऱ्यावर खंजीर फेकला. फेकला म्हणजे पल्ल्याचा, असं धरून डीएमने +२ दिले. शत्रू पाच फुटांच्या आत असताना पल्ल्याचा हल्ला केला, तर डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. तो मात्र लावला नाही. खंजीर तर हातघाईचं शस्त्र, असं कारण दिलं. पुढे एकदा बार्बेरियन खेळणाऱ्या मैत्रिणीने रेजमध्ये, म्हणजे संतापाच्या आवेशात, जॅव्हलिन फेकली आणि नुकसानीत रेजचे +२ मिळवले. डीएम म्हणाला, ‘‘रेज फक्त हातघाईच्या हल्ल्याला.’’ ती म्हणाली, ‘‘मग त्याच्या खंजिराला दोन्हीकडून फायदा आणि माझ्या जॅव्हलिनला काहीच नाही?’’ पुढच्या बैठकीला ती आली नाही, आणि हळूहळू बाकीचेही येईनासे झाले.

मला आजही सलतं ते हे, की तिन्हींपैकी तिच्या विरोधातला निर्णय तेवढा पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. आधीचे दोन चुकल्यामुळे तो पक्षपात वाटला. एकट्या निर्णयाला बरोबर-चूक ठरवून भागत नाही, टेबलावर आधी काय चाललं त्याच्याशी तो जुळावा लागतो.

खरं तर दोनच प्रश्न वेगळे ठेवायचे असतात. शस्त्र तक्त्यात कोणत्या यादीत आहे? आणि हा हल्ला कोणत्या प्रकारचा आहे? खंजीर, हँडअ‍ॅक्स, जॅव्हलिन ही हातघाईची शस्त्रं आहेत आणि हवेत उडाली तरी त्यांची यादी बदलत नाही. बदलतो तो हल्ला, तो पल्ल्याचा होतो. आर्चरी शस्त्राकडे बघते, म्हणून फेकलेल्या खंजिराला +२ नाहीत. खेटलेल्या शत्रूचा नियम हल्ल्याकडे बघतो, म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे. स्नीक अटॅकला फिनेस हा गुण असलेलं किंवा पल्ल्याचं शस्त्र लागतं, म्हणून फेकलेला खंजीर चालतो, हँडअ‍ॅक्स चालत नाही. एवढं पक्कं झालं की बहुतेक भांडणं जागच्या जागी मिटतात. कोणती क्षमता वापरायची हेही यातूनच सुटतं: हँडअ‍ॅक्स फेकताना स्ट्रेंग्थच, खंजीर फिनेसमुळे स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, जी आवडेल ती.

डार्ट मात्र आवर्जून बघून ठेवा. तोही फेकायचाच, पल्ला खंजिराइतकाच २०/६० फूट (नेहमीचा/लांबचा), नुकसानही तेच, एक चार-बाजूंचा फासा. पण तक्त्यात तो पल्ल्याच्या यादीत आहे, म्हणून त्याला आर्चरीचे +२ मिळतात. खेळाडूला हे आधी सांगितलं नाही, तर त्याला ती लबाडी वाटते. २०१४च्या जाळ्याचा नियम तर मला मुळातच पटत नाही. पल्ला ५/१५ फूट. पाच फुटांवर शत्रू खेटलेला म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज, त्यापुढे लांबचा पल्ला म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज. जाळं घेणाऱ्याला पात्र बनवतानाच हे दाखवून द्यावं.

शस्त्र उपसण्याकडे फारसं कुणी बघत नाही. २०१४च्या नियमांत एका पाळीत एकच वस्तू फुकटात हाताळता येते. पाचव्या पातळीला दोन हल्ले मिळाले, की ढालवाला फाइटर पहिल्या पाळीत हातातली जॅव्हलिन फेकतो, दुसरी उपसून तीही फेकतो. पुढच्या पाळीला हात रिकामा असतो, तेव्हा एकच उपसता येते, एकच फेकता येते. २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन’ पुस्तकात यासाठी वेगळी शैली आली. २०२४च्या पुस्तकात तर फेकीच्या शस्त्रांनाच हल्ल्याबरोबर उपसायची सोय मिळाली, जाळं शस्त्रांच्या तक्त्यातून निघून साहित्यात गेलं आणि रेजचं नुकसान स्ट्रेंग्थने फेकलेल्या शस्त्रालाही लागू झालं. आमची मैत्रीण आज त्या नियमांनी खेळती, तर तिचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. म्हणून कोणत्या वर्षीचं पुस्तक, हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या. अर्धे जुनं आणि अर्धे नवं वाचून आले, की दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

लढाई ऐन रंगात असताना शंका निघाली, तर मी पानं उलटत बसत नाही. त्या वेळेपुरता निर्णय देते, वहीत टिपते आणि बैठक संपल्यावर सगळ्यांसमोर पुस्तक उघडते. जे निघेल ते राक्षसांनाही लागू. ऑर्कही जॅव्हलिन फेकतात, आणि शेजारी आपला फाइटर उभा असेल तर त्यांच्याही हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतोच. आणि मोहीम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचा कॅरेक्टर शीट मागून घेते. २०१४ने खेळत असू, तर बार्बेरियनला जॅव्हलिनच्या दोन ओळी करायला लावते: हातात धरून, रेजसकट, फेकून, रेजशिवाय.