पन्हळीची निगा

शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. येथे पाऊस थोडा, म्हणून घराच्या पन्हळीकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. परंतु थोडा पाऊसही कधी कधी एकाच रात्री कोसळतो. तेव्हा तुंबलेल्या पन्हळीचे पाणी भिंतीवर उतरते. आणि मातीची भिंत पायाशी भिजली म्हणजे ती निजलेल्या माणसांवर पडण्याचे भय असते.

म्हणून मृग लागण्यापूर्वीच, खाली शिडी धरावयास कोणास तरी उभे करून, पन्हळीतील पाला व माती काढावी. मग वरच्या टोकास घागरभर पाणी ओतून पाहावे. पाणी मध्येच साचले तर उतार कमी आहे असे समजावे. दहा हातांस दोन बोटे उतार पुरे होतो. सांधा गळत असल्यास तो कोरडा करून डांबर भरावे. पत्रा गंजून त्याची चाळण झाली असेल, तर ठिगळे न लावता नवाच बसवावा. धाब्याच्या घरास पन्हळीचे तोंड भिंतीपासून हातभर पुढे असावे.

आणखी एक लाभ आहे. दहा चौरस मीटर पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 250 लिटर पाणी उतरते. पहिल्या सरीचे पाणी सोडून देऊन बाकीचे पिंपात धरावे. ते गुरांस व धुण्यास उपयोगी पडेल. पाऊस थोडा आहे म्हणूनच पन्हळ जपावी, असे आम्हांस वाटते.