दाभण आणि मेणाचा दोरा

आमच्या गल्लीतल्या मावशी माघात गेल्या. दहाव्याला आलेल्या सुनेनं देव्हाऱ्याखालून पत्र्याचा एक डबा ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. "हे काय जपून ठेवलं होतं हो आईंनी?" आत एक दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे, मूठभर सेफ्टी पिना आणि कोपरा फुटलेली पाटी. सून पुण्याला असते. फाल्गुनात तिला कधी सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे तिला ठाऊक नसणं साहजिकच. माझा ओटा मात्र मावशींच्या ओट्याला लागून.

आमच्या पैठणची नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी. १५९९ साली याच तिथीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमीचा काला, असे तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा नसते. दिंड्या लांबून चालत येतात. ऊन तापायला लागलेलं असतं, आणि चालणाऱ्याची चप्पल नेमकी अंगठ्यातच तुटते. चप्पल शिवणारे यात्रेत बसतात, नाही असं नाही. पण कनवटीला शेवटची दहाची नोट राहिलेली म्हातारी तिकडे जात नाही, ती अनवाणीच चालते. अशांसाठी मावशी तिन्ही दिवस ओट्यावर दाभण घेऊन बसायच्या. मान खाली. समोर चप्पल आली की चप्पल बघायची, कुणाची आहे ते बघायचं नाही. दोन टाके, तिसरा आडवा, दोरा दातानं तोडायचा आणि चप्पल पुढे सरकवायची. पैसे दिले तर म्हणायच्या, "बुक्का लावा आमच्या नावानं." तेवढंच.

चुकलेली लेकरंही त्यांच्याकडेच यायची. पाटीवर गावाचं नाव लिहून ती दाराच्या कडीला अडकवायची आणि लेकराच्या हातात गुळाचा खडा द्यायचा. गावाचं नाव सांगता येत नसेल इतकं लहान असेल तर पाटी कोरीच टांगायची. लोकांना त्याचा अर्थ समजायचा.

कुणीतरी एकदा नाक मुरडलं. देवाधर्माच्या दिवसांत चपलांना काय हात लावता! मावशींनी मान वर केली नाही. "नाथांनी तापल्या वाळवंटातलं लेकरू कडेवर घेतलं, तेव्हा त्याची जात विचारली होती व्हय?"

पालकहो, तुमच्याशी बोलायचं आहे ते इथून पुढचं, आणि त्यात आधी माझीच चूक सांगावी लागेल. माझा मुलगा सहावीत असताना यात्रेतल्या पाणपोईवर उभा राहिला. हौसेनं गेला होता, मी ढकललं नव्हतं. मी मात्र फोन घेऊन मागोमाग गेले. पेला देतानाचा फोटो, वाकून नमस्कार करतानाचा फोटो. रात्रीपर्यंत सगळ्या नातेवाइकांचे अंगठे आले, आजीनं शंभर रुपये दिले. पुढच्या वर्षी पाणपोईवर जायची वेळ झाली तसा हा विचारतो, "आई, तू येणारेस ना फोटो काढायला? नाहीतर मग कशाला जायचं?"

त्याला रागावण्यासारखं काही नव्हतं. मीच शिकवलं होतं. पाणी पिणारा माणूस त्याच्या लेखी फोटोतला दुसरा माणूस झाला होता.

मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. उपदेश करायचा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी त्याला बोलावून दोऱ्याला मेण लावायला बसवलं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दुसरं डाव्या हातात ताणायचं आणि मेणाचा खडा वरून खाली ओढायचा. "जास्त चोपडू नको रे, नेढ्यात जायचा नाही." दुपारभर तो तेच करत होता. कुणी बघत नव्हतं. मीही घरात होते. भाकरी थापता थापता एकदा उठावंसं वाटलं, नाही उठले. खरं सांगते, ते फार जड गेलं.

गावातल्या नाथमंदिरात, म्हणजे नाथांच्या वाड्यात, एक रांजण आहे. साक्षात कृष्ण श्रीखंड्या होऊन नाथांघरी राहिला, बारा वर्षं कावडीनं पाणी आणून त्यानं तो भरला, पूजेचं चंदन उगाळलं, अशी कथा. तो कोण हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तो निघून गेलेला. आजही तुकाराम बीजेपासून भाविक त्या रांजणात पाणी ओततात, आणि देवाची घागर पडली की तो भरून वाहतो अशी श्रद्धा आहे. आपण मुलांना ही गोष्ट सांगताना घाईघाईनं शेवटावर येतो: अरे, तो तर देव होता! मी हल्ली मधल्या बारा वर्षांत रेंगाळते. नदी ते वाडा किती खेपा होत असतील? खांद्याला घट्टे पडले असतील का? मुलगा विचारतो, सुट्टी मिळायची का त्याला. मिळत नसावी, म्हणते.

पण आई म्हणून मला जास्त जवळचा वाटतो गावबा. त्याला पुरणपोळीशिवाय काही सुचायचं नाही, काही शिकवावं तर डोक्यात शिरायचं नाही. कंटाळलेल्या आईनं त्याला नाथांकडे आणून सोडलं, असं सांगतात. नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी पोळी वाढली, पोरगं तिथंच राहिलं, पडेल ते काम करू लागलं. नाथ गेले तेव्हा त्यांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आलेलं होतं. पुढचं गावबानं पुरं केलं. लोक इथे चमत्कार म्हणून थांबतात. मला मात्र त्या आईचं वाटतं. लेकराला वाड्याच्या दारात सोडून परत फिरताना तिला कुणीही सांगितलं नव्हतं की हा पुढे ग्रंथ पुरा करणार आहे. तिनं फक्त त्याला एका कामाच्या घरात सोडलं आणि नंतर बहुतेक रोज विचारायला गेली नाही. आपण मुलांना शिबिरात घालतो आणि दर शनिवारी तिथल्या ताईंना विचारतो, "काही फरक वाटतोय का हो?"

यंदाच्या षष्ठीला मावशींचा ओटा मोकळा होता. सून डबा माझ्याकडेच ठेवून गेली होती. सकाळी तो फळीवर दिसला नाही. दुपारी बाहेर डोकावले तर मुलगा मावशींच्या जागी बसलेला, पाटी कडीला लावलेली, समोर विदर्भातल्या दिंडीतली एक आजी एका पायावर तोल सांभाळत उभी. टाका तिरका गेला, उसवला, पुन्हा घातला. आजींनी चप्पल पायात सरकवली आणि दिंडी पुढे गेली म्हणून तशाच पळाल्या, याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेशीपर्यंत तरी टिकली असेल की नाही कोण जाणे.

दिवेलागणीला तो घरात आला. दाभण टोचून बोटाला रक्त आलं होतं, मेणानं नखं काळी झाली होती. शाब्बास अगदी ओठांवर आलं होतं.

"हात धू," म्हटलं. "वाढते."