बॅटरी नवी, तरी लॅपटॉपला दिसेना

प्रश्न : लॅपटॉपची बॅटरी घरीच बदलली. आता तो फक्त चार्जरवर चालतो. बॅटरी परत करू का?

उत्तर : आधी कनेक्टर पाहा. जुनी बॅटरी काढताना वायर धरून ओढलीत ना? बहुतेक जण तेच करतात! चार्जर काढा, बॅटरी सोडवा, मग भिंगातून मदरबोर्डवरचे सॉकेट न्याहाळा. वाकलेली पिन लाकडी टूथपिकने हलकेच सरळ करता येते. जाड वायरी वीज वाहतात, बारीक वायरी बॅटरीची माहिती पोचवतात. त्यातली एखादी सुटली तरी लॅपटॉप बॅटरी ओळखत नाही. सॉकेटच उखडले असेल, तर घरच्या सोल्डरिंगच्या भानगडीत पडू नका, शेजारच्या पिना चिकटून शॉर्ट होतो. ‘हॉट एअर’ यंत्र असलेल्या कारागिराकडून नवे सॉकेट बसवून घ्या. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र ती पुन्हा जोडू नका.