दुसरा अल्बम का अडतो?

प्रश्न : आमच्या घरात मुलाच्या खोलीतून दिवसभर परदेशी बँडची गाणी ऐकू येतात. त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असतं, ‘पहिला अल्बम भारी होता, दुसरा फसला.’ इतक्या बँडच्या बाबतीत हे कसं काय घडतं? चार हुशार पोरं एकदा उत्तम गाणी करतात, मग दुसऱ्या खेपेला त्यांना होतं तरी काय? कल्पना संपतात, की पैसा डोक्यात जातो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. पहिल्या अल्बमची गाणी बँडच्या पोरांनी शाळा-कॉलेजच्या दिवसांपासून जमवलेली असतात. दुसऱ्यासाठी कंपनी वर्षभराची मुदत देते आणि त्यातले आठ-नऊ महिने दौऱ्यांतच जातात. हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण फसलेल्या दुसऱ्या अल्बमचा विषय निघाला की ज्या बँडचं नाव हमखास पुढे येतं, त्याच्या दोन अल्बममध्ये साडेपाच वर्षांचं अंतर होतं. वेळ कमी पडला, असं त्याच्याबद्दल म्हणताच येणार नाही.

हा बँड म्हणजे मँचेस्टरचा ‘द स्टोन रोझेस’. गायक इयन ब्राउन, गिटारवर जॉन स्क्वायर, बेसवर मॅनी आणि ड्रम्सवर रेनी. मोठ्या कंपन्यांच्या सावलीबाहेर, छोट्या लेबलांच्या आधारानं वाढलेलं गिटारचं संगीत म्हणजे ढोबळमानानं इंडी रॉक. त्या संगीताचा ब्रिटनमधला इतिहास मे १९८९ मध्ये आलेल्या यांच्या पहिल्या अल्बमशिवाय लिहिताच येत नाही. त्याचं नावही बँडचंच होतं. सुरुवातीला तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या दहांतही पोचला नव्हता. तो कानोकानी पसरला, आणि वर्षभरात, २७ मे १९९० रोजी, चेशरमधल्या स्पाइक आयलंडवर, रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात, पंचवीस-तीस हजार तरुण त्यांना ऐकायला जमले.

हा पहिला अल्बम घडला कसा, ते आधी बघायला हवं. बँड उभा राहिला १९८३ च्या सुमारास. १९८५ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’चे प्रोड्युसर मार्टिन हॅनेट यांच्याबरोबर त्यांनी अल्बमभर गाणी रेकॉर्ड केली होती. ते काम त्यांना पटलं नाही, म्हणून बाजूला ठेवलं. अकरा वर्षांनी, १९९६ मध्ये, ते ‘गॅरेज फ्लॉवर’ या नावानं बाहेर आलं. ते ऐकताना चकित व्हायला होतं. ‘आय वॉना बी अडोर्ड’ आणि ‘धिस इज द वन’ ही पहिल्या अल्बममधली दोन अतिशय महत्त्वाची गाणी तिथे आहेत, पण कच्ची, घाईत असलेली, ओरडून म्हटलेली. ‘आय वॉना बी अडोर्ड’ १९८९ च्या अल्बमवर ऐका. ते किती सावकाश सुरू होतं, बेस आधी एकटा येतो, गिटार मागाहून त्याला येऊन मिळते, आणि शब्द तर मोजकेच. मधल्या चार वर्षांत ही गाणी लहान लहान हॉलमध्ये, कधी मूठभर लोकांसमोर वाजत होती. कुठे लोक कंटाळतात, कुठे थबकून ऐकतात, हे बँडला रोज समोर दिसत होतं. ज्याला जग पहिला अल्बम म्हणतं तो खरं तर त्यांचा दुसरा प्रयत्न होता.

आपल्याकडे नाटकाचा शंभरावा प्रयोग आणि पहिला प्रयोग यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. संहिता तीच, माणसं तीच, पण प्रेक्षकांनी नाटक बसवून दिलेलं असतं.

आता पुढचं. पहिला अल्बम ज्या सिल्व्हरटोन लेबलनं काढला, त्याच्याशी केलेला करार बँडला जाचक वाटू लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्ड करायला त्यांना मनाई झाली. मे १९९१ मध्ये निकाल बँडच्या बाजूनं लागला. करारानं बँडला वर्षानुवर्षं बांधून ठेवलं होतं, मात्र रेकॉर्ड बाजारात आणण्याचं बंधन कंपनीवर नव्हतं. ही व्यवसायस्वातंत्र्याला अवाजवी आडकाठी आहे, असं म्हणून न्यायालयानं करार मोडीत काढला. ब्रिटनमध्ये कलाकारांच्या करारांविषयी बोलताना आजही या खटल्याचा दाखला देतात. त्यानंतर बँडनं अमेरिकेच्या गेफेन कंपनीशी करार केला आणि मोठी रक्कम हाती आली. तुम्ही विचारलंत की पैसा डोक्यात जातो का. त्या पोरांना न्याय मिळाला आणि पैसाही, याचा मला आनंदच आहे. वर्षानुवर्षं बेकारभत्त्यावर दिवस काढलेली ती माणसं होती. तेव्हा पैशाला मी दोष देणार नाही. दुसरीच एक गोष्ट हातची गेली आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

९ जून १९९० रोजी स्टोन रोझेस ग्लासगोत वाजले. त्यानंतरचा त्यांचा जाहीर कार्यक्रम झाला १९ एप्रिल १९९५ रोजी, ऑस्लोत. मधली जवळजवळ पाच वर्षं त्यांनी लोकांसमोर एकही गाणं वाजवलं नाही. ‘सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम बाजारात आला ५ डिसेंबर १९९४ रोजी. म्हणजे त्यातलं नवं गाणं रेकॉर्ड होण्याआधी कुठल्याही श्रोत्याच्या तोंडावर उमटलेलं या चौघांनी पाहिलंच नव्हतं. आणि ऑस्लोपर्यंत तर चौघेही उरले नव्हते. दौऱ्याच्या तोंडावर, मार्च १९९५ मध्ये, रेनी बँड सोडून गेला. ज्या चौघांनी ती गाणी रेकॉर्ड केली, त्यांनी त्या काळात ती लोकांसमोर एकत्र कधीच वाजवली नाहीत. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

पहिल्या अल्बमचे प्रोड्युसर जॉन लेकी दुसऱ्याच्या सुरुवातीला सोबत होते. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून उमेदवारी केलेला हा शांत माणूस. गाणी अजून तयार नाहीत, असं त्यांचं मत झालं आणि ते बाजूला झाले. बँडनं वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत मुक्काम ठोकला. रॉकफील्ड हा शेतावरचा स्टुडिओ. तिथेच राहायचं, जेवायचं, रेकॉर्ड करायचं. (‘क्वीन’च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं काही काम १९७५ मध्ये इथेच झालं. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी याच आवारात वावरला होता.) अशा जागेत गाणं पुरं झालं, हे सांगायला बाहेरचं कुणी येत नाही. टेप आहे, कंपनीचा पैसा आहे, हवं तितकं पुन्हा वाजवा. पहिल्या अल्बमची गाणी ब्राउन आणि स्क्वायर मिळून लिहीत. आता बहुतेक गाणी एकट्या स्क्वायरची होती आणि त्यांत गिटार मोठी, आणखी मोठी होत गेली.

अल्बमचं पहिलं गाणं अकरा मिनिटांचं आहे आणि त्यातली पहिली चारेक मिनिटं वाहत्या पाण्याचे, जंगलाचे आणि गिटारीचे तुटक आवाज आहेत. हे लहानशा हॉलमध्ये एकदा वाजवून बघितलं असतं तर दोन मिनिटं नक्की कमी झाली असती, असं मला ठाम वाटतं. शेवटचं गाणं संपल्यावर सीडीवर कित्येक निःशब्द ट्रॅक आहेत आणि ९० व्या ट्रॅकवर मंडळींनी गंमत म्हणून केलेलं वेडंवाकडं वादन लपवलंय. कल्पना संपल्या होत्या असं कोण म्हणेल? कल्पना भरपूर होत्या. नको असलेल्या बाजूला काढायला समोर माणसं नव्हती.

आणि तरीही हा वाईट अल्बम नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. ‘लव्ह स्प्रेड्स’ हे त्यातलं गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बम चौथ्या क्रमांकावर पोचला, म्हणजे पहिल्याला त्या काळी जे जमलं नव्हतं ते यानं केलं. ‘फसला’ हा शिक्का विक्रीवरून बसला नाही, अपेक्षेवरून बसला. साडेपाच वर्षं वाट बघायला लावली की जो तो मनातल्या मनात आपापला अल्बम रचून ठेवतो, आणि त्याच्या पुढे प्रत्यक्षातला कुठलाही कमीच पडतो.

आता लेकींचं पुढे काय झालं ते बघा. १९९४ मध्ये ते ‘रेडिओहेड’बरोबर होते, तेही दुसऱ्याच अल्बमवर. ऑक्सफर्डजवळच्या या पाच जणांचं ‘क्रीप’ हे एकच गाणं जगभर गाजलं होतं आणि कंपनीला आणखी एक तसंच हवं होतं. लंडनच्या आरएके स्टुडिओत आठवडेच्या आठवडे गेले, दडपण वाढत गेलं, काम पुढे सरकेना. मग त्यांनी मध्येच काम थांबवलं आणि ते दौऱ्यावर गेले. नवी गाणी जपान-ऑस्ट्रेलियातल्या श्रोत्यांसमोर वाजली, अंगवळणी पडली. परत आल्यावर उरलेलं काम भराभर मार्गी लागलं. ‘माय आयर्न लंग’ या गाण्याचं तर वादनच मे १९९४ मधल्या लंडनच्या अ‍ॅस्टोरियातल्या कार्यक्रमातून उचललं; स्टुडिओत नव्यानं घेतला तो फक्त गायकाचा आवाज. हा अल्बम, ‘द बेंड्स’, मार्च १९९५ मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत नेमका चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. सुरुवातीचा प्रोड्युसर तोच, यादीतली जागा तीच. पण ‘द बेंड्स’नं रेडिओहेडचं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

रॉकफील्डलाही दोष देता येणार नाही. स्टोन रोझेस तिथून निघाल्याला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात मे १९९५ मध्ये मँचेस्टरचाच ‘ओअ‍ॅसिस’ तिथे दुसऱ्या अल्बमसाठी दाखल झाला. नवा ड्रमर, भावाभावांची भांडणं, सगळं असूनही काम आठवड्यांत उरकलं आणि ऑक्टोबरमध्ये ‘मॉर्निंग ग्लोरी’ थेट पहिल्या क्रमांकावर. इथे माझं म्हणणं पुरतं लागू पडत नाही, हे कबूल करायला हवं. ती गाणी त्या भावांपैकी एकट्या नोएल गॅलाघरच्या डोक्यातून आली होती आणि बँडनं त्यातली कितीतरी स्टुडिओतच शिकून घेतली. पण हा बँड रंगमंचावरून उतरलाच नव्हता. तालमीचा हात गरम होता.

घाई केली की बिघडतं, हेही खरं नाही. शेफिल्डच्या ‘आर्क्टिक मंकीज’चा पहिला अल्बम जानेवारी २००६ मध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर खपला. दुसरा पंधराच महिन्यांनी आला, मधल्या काळात बेस वाजवणारा बदलूनही, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक वेगवान, अधिक टोकदार आहे. न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’नी २००३ मध्ये एक नामवंत प्रोड्युसर घेऊन बघितला, जमलं नाही म्हणून पहिल्या अल्बमच्या गॉर्डन राफाएलकडेच परत गेले. तर तक्रार आली की हे पहिल्यासारखंच आहे! स्टोन रोझेस बदलले म्हणून बोलणी खाल्ली, स्ट्रोक्स बदलले नाहीत म्हणून.

तुमच्या मुलाच्या वाक्यात आणखी एक गोम आहे, ती त्याला जरूर सांगा. दुसऱ्या अल्बमची चर्चा होते फक्त ज्यांचा पहिला विलक्षण गाजला त्यांच्याच. ज्यांचा पहिला बेताचा होता त्यांचा दुसरा कसा झाला, हे कुणी विचारत नाही. असाधारण गोष्टीच्या पाठोपाठ आलेली चांगली गोष्टही उतरती दिसते, मग ते गाणं असो की फलंदाजाच्या द्विशतकानंतरची खेळी. तेव्हा ‘इतक्या बँडच्या बाबतीत’ यातला काही भाग हा आपल्या निवडीचा परिणाम आहे.

स्टोन रोझेसचा शेवट लवकर झाला. १९९६ च्या वसंतात स्क्वायर बाहेर पडला. त्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला ओअ‍ॅसिसचे दोन दिवसांचे अफाट कार्यक्रम झाले, तेव्हा तो पाहुणा म्हणून त्यांच्या मंचावर गिटार वाजवायला उभा राहिला. दोनेक आठवड्यांनी रेडिंगच्या महोत्सवात उरलेला स्टोन रोझेस वाजला, इतका वाईट की काही आठवड्यांतच बँड मोडल्याचं जाहीर झालं. पुन्हा ते चौघे एकत्र आले २०११ मध्ये, आणि जून-जुलै २०१२ मध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्कवर तीन रात्री वाजले.

तुम्हाला स्वतःला ऐकून बघायचं असेल तर ‘सेकंड कमिंग’ सुरुवातीपासून लावू नका. आधी ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ ऐका, मग ‘लव्ह स्प्रेड्स’, आणि या दुसऱ्या गाण्यात गिटारपेक्षा रेनीच्या ड्रम्सकडे कान द्या. नंतर मुलाला विचारा, यातलं नेमकं काय फसलंय.