बनावट आमिषाने मासे धरण्याची विद्या : तळ्याच्या धन्यांसाठी एक पाठ

शेतात पाणी साठले म्हणजे त्यात मासा हा येतोच. गावतळे असो, जुना पाझर तलाव असो, की २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतून खणलेले तळे असो, शहाणा शेतकरी त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडतो आणि पिकाला जोड म्हणून माशांचे उत्पन्न घेतो. परंतु पावसाळ्यात ओढ्याच्या लोंढ्याबरोबर मरळ आत शिरते. कित्येकदा तर ती ओल्या गवतावरून सरपटतही येते, कारण तिला कल्ल्यांखेरीज वरची हवा घेण्याचे इंद्रिय निसर्गाने दिलेले आहे. एकदा ती आत ठाण मांडून बसली, की सोडलेली बोटुकली तिचे रोजचे अन्न होते. आणि हंगामाअखेर जाळे ओढल्यावर धनी कपाळाला हात लावून बसतो.

या पाहुणीस बाहेर कसे काढावे, हा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधूंपुढे आहे. पाणी उपसावे, तर उन्हाळ्यात तेच पाणी फळबागेचे प्राण. शिवाय पाणी आटत चालले की मरळ चिखलात दडून बसते. जाळे ओढावे, तर ती जाळ्याखालच्या गाळात शिरते किंवा वरून उडी मारून जाते. काही अविचारी लोक विष अथवा सुरुंग वापरतात. त्याने मरळीबरोबर सारेच जलचर मरतात, आणि विषारी पाणी जनावरांच्या पोटात जाते. हे दोन्ही उपाय १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेच या देशात दंडनीय ठरविले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट निंद्य ठरली, ती आज तरी कोणी करू नये.

राहता राहिला गळ. परंतु कणकेची गोळी किंवा गांडूळ लावलेल्या गळाला रोहू व मृगळही लागतात, म्हणजे आपलेच धन आपण उचलतो. येथे बनावट आमिषाचा उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती खातो, मृगळ तळाचा कुजका पाला खातो. पळत्या लहान माशाच्या मागे धावण्याची सवय या तिघांसही नाही. ती मरळीस आहे, शिवड्यास आहे, शिंगाळ्यास आहे. म्हणून चालते बनावट आमिष हे जणू निवडक निंदणी होय : पीक राखते आणि तण काढते.

ही विद्या आपल्या मुलखास अगदीच नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे व गळाने मासे धरण्याची रीत वर्णिली आहे. बनावट आमिषाचे तत्त्व मात्र फिनलंड देशातील लॉरी रापाला या कोळ्याच्या १९३६ सालच्या उद्योगावरून चांगले समजते. शिकारी मासा थव्यातील धडधाकट मासा सोडून लंगडत पोहणाऱ्या जखमी माशावर झडप घालतो, हे त्याने पाहून ठेवले होते. त्याने चाकूने बुचाच्या लाकडाचा लहानसा मासा कोरला, त्यावर चॉकलेटवरील चंदेरी कागद गुंडाळला, आणि तो पाण्यात डुलत चालेल असा साधला. सारे मर्म त्या डुलण्यात आहे. आमिष केवळ दिसावयास माशासारखे असून भागत नाही. ते वागावयास दुबळ्या माशासारखे हवे.

साधनांविषयी

आरंभी फार खर्च करण्याचे कारण नाही. साडेसहा ते सात फुटांची मध्यम ताठ काठी, तिला शोभेल असे स्पिनिंग रीळ, आणि मोकळ्या पाण्यासाठी सुमारे ५ ते ६ किलो ताण सोसणारी तंगूस पुरते. जेथे जलपर्णी, कमळ अथवा पाणकणीस दाट आहे तेथे मात्र वेणीसारखा विणलेला, १५ किलोपर्यंत ताण सोसणारा दोरा घ्यावा. कारण मरळ लागताच पाल्यात शिरते, आणि बारीक तंगूस तेथे तुटते. तुटलेली तंगूस पाण्यात तशीच सोडू नये. ती पाणपक्ष्यांच्या पायांत आणि चरणाऱ्या गुरांच्या तोंडात जाते.

आमिषे तीन प्रकारची जवळ असावीत. पहिला धातूचा चमचा. तो उघड्या व खोल पाण्यात चालतो. दुसरा लाकडी अथवा प्लॅस्टिकचा लहान मासा; तो काठाच्या खडकाजवळ चालतो. तिसरा पोकळ रबरी बेडूक. याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटलेले असल्याने तो पाल्यावरून न अडकता सरकतो, आणि माशाने दाबताच रबर चेपून आकडे उघडे पडतात. मरळीसाठी या तिसऱ्या आमिषाएवढे उपयुक्त दुसरे नाही.

गाठ नीट नसेल तर बाकी सर्व व्यर्थ. नवशिक्याने एकच गाठ पक्की करावी. दोरा दुहेरी करून आमिषाच्या कडीतून ओवावा. त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारावी. उरलेल्या फासातून सबंध आमिष पलीकडे काढावे. मग गाठ पाण्याने ओली करून सावकाश आवळावी. कोरडी गाठ आवळल्यास घर्षणाने तंगूस जळते आणि तेथेच तुटते. या गाठीस पालोमर म्हणतात.

रिळावर ताण कमीजास्त करण्याची चकती असते. दोऱ्याच्या ताकदीच्या सुमारे चौथाई ते तिहाई ताणावर रीळ दोरा सोडू लागेल, अशी ती बसवावी. अंदाजावर न जाता घरच्या ताणकाट्यास दोरा बांधून पाहावे. ६ किलोच्या तंगूसीस दीड ते दोन किलोवर रीळ फिरले म्हणजे बरोबर समजावे.

फेकण्याचा सराव

पाण्यावर जाण्यापूर्वी आठ दिवस खळ्यावर सराव करावा. आकडे काढून टाकलेले आमिष अथवा तेवढ्याच वजनाचा लाकडी तुकडा दोऱ्यास बांधावा. पंधरा पावलांवर घमेले ठेवावे. दोरा तर्जनीवर धरून रिळाची कडी उघडावी, काठी खांद्यामागे नेऊन मनगटाच्या झटक्याने पुढे आणावी, आणि काठीचे टोक डोक्याच्या किंचित पुढे आले की तर्जनी सोडावी. आमिष आकाशात उंच गेले तर बोट लवकर सुटले. पायाशीच आपटले तर उशिरा सुटले. दहापैकी सात वेळा घमेल्यात पडू लागेपर्यंत अंतर वाढवू नये. लांब फेकण्यापेक्षा नेमके फेकणे अधिक उपयोगी, कारण मरळ बहुधा काठाच्या पाल्याजवळच असते. फेकण्यापूर्वी मागे वळून पाहण्याची सवय याच वेळी लावावी. मागे उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यास आकडा लागणे ही आयुष्यभराची हानी आहे.

आमिष चालविण्याची रीत

माशाच्या दोन्ही कुशींवर छिद्रांची एक बारीक रेषा असते. तिच्या योगे त्याला पाण्यातील कंप कळतात. म्हणून गढूळ पाण्यातही तो आमिष ओळखतो. गढूळ पाण्यात मोठे व जास्त थरथरणारे आमिष घ्यावे. निवळ पाण्यात लहान व मंद रंगाचे घ्यावे.

चमचा टाकल्यावर दोरा सैल होईपर्यंत मनात आकडे मोजावेत. दहाला तळ लागला, तर पुढच्या वेळी आठला ओढण्यास आरंभ करावा, त्यापुढच्या वेळी पाचला. याप्रमाणे पाण्याचा एकेक थर तपासता येतो, आणि कोणत्या आकड्यावर मासा लागला ते लक्षात ठेवल्यास पुढचे काम सोपे होते. नवशिक्याचा नेहमीचा दोष म्हणजे एकसारखे भरभर ओढणे. दोन-तीन वेटोळी ओढावे, क्षणभर थांबावे, काठीच्या टोकाने किंचित हिसका द्यावा, पुन्हा ओढावे. मासा पुष्कळदा थांबलेल्या क्षणीच लागतो. हिवाळ्यात पाणी गार झाले की मासा सुस्तावतो. तेव्हा गती निम्मी करावी. चैत्र-वैशाखात मात्र सूर्योदयाचा व सूर्यास्ताचा एकेक तासच हाती धरावा.

मरळीस हवा घेण्यासाठी वर यावेच लागते. तळ्याकाठी पाव तास शांत बसल्यास ती कोठे बुडबुडा सोडते ते दिसते. बेडूक नेमका तेथे न टाकता चार-पाच फूट पलीकडे टाकून त्या जागेवरून सरकवत आणावा. पाणी फुटून मोठा आवाज होईल. त्या वेळी हात आवरावा. आवाज ऐकताच झटका दिला तर बेडूक तिच्या तोंडातून निघून येतो. दोरा ताठ होऊन वजन जाणवले, मगच काठी जोराने वर उचलावी आणि तिला पाल्यात शिरू न देता ओढून घ्यावे.

काठावरील सावधगिरी

हा भाग कोणी डोळ्याआड करू नये. प्लॅस्टिक कागदाचे अस्तर असलेल्या तळ्याचा उतार शेवाळाने इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्यासही बाहेर येता येत नाही. असल्या तळ्यांत माणसे व मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. म्हणून उतारावर उतरून गळ टाकू नये, बांधावरूनच टाकावा. गाठी मारलेला जाड दोर काठाच्या खुंटास बांधून पाण्यात सोडलेला असावा, हवा भरलेली ट्यूब जवळ असावी, आणि एकट्याने जाऊ नये. अशा तळ्यात उघड्या आकड्यांचा चमचा मुळीच वापरू नये. आकडा अस्तरात रुतला तर कागद फाटतो आणि पाणी झिरपते. तेथे रबरी बेडूकच योग्य.

आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा निसटण्याचा संभव थोडा वाढतो. परंतु दोरा ताठ ठेवल्यास तो फारसा निसटत नाही, आणि आकडा माशाच्या तोंडातून व प्रसंगी आपल्या बोटातूनही सहज निघतो. आकडा खोल रुतल्यास स्वतः ओढाताण न करता वैद्यकीय मदत घ्यावी व धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. डोळ्यास रुतल्यास त्यास हातही लावू नये. मरळीस दात असतात, म्हणून तिच्या तोंडातील आकडा बोटाने न काढता पकडीने काढावा.

कोणता मासा ठेवावा, कोणता सोडावा

आपल्या मत्स्यसंवर्धनाच्या तळ्यातील मरळ काढावयाची, तर ते काम वैशाख-ज्येष्ठात, पाऊस पडण्यापूर्वी उरकावे. पावसाळ्यात ती पाल्यात घरटे करून अंडी घालते. पुढे तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागी हिंडतो, आणि त्याखाली आईबाप पहारा करीत असतात. त्या थव्यावर आमिष टाकले की ते पिलांच्या रक्षणासाठी झडप घालतात व सहज सापडतात. यास कोणी कौशल्य म्हणू नये. ओढ्यात, नदीत व गावतळ्यात असा थवा दिसल्यास गळ गुंडाळून घरी जावे. आईबाप गेल्यावर ती पिले इतर माशांच्या तोंडी पडतात, आणि पुढील वर्षी गावाच्या पाण्यात मरळ उरत नाही. तळ्यात जी आपली शत्रू, तीच ओढ्यात गावाची ठेव आहे. बाजारात जिवंत मरळीस चांगला भाव येतो, हेही विसरू नये.

नदीत महसीर लागल्यास ती पाण्याबाहेर न उचलता ओल्या हाताने आकडा काढून सोडून द्यावी. या जातीची संख्या धरणे, वाळूउपसा व सुरुंग यांनी पुष्कळ घटली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून तिची पैदास करून बीज ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडले आहे. महाडजवळील वाळण कोंडीत तर लोक तिला देवीचा मासा मानून तिच्यावर हात टाकीत नाहीत. ज्या माशासाठी कोणी श्रम केले आणि कोणी श्रद्धा ठेवली, तो आपल्या एका जेवणासाठी मारणे शोभत नाही.

तसेच, गावतळे वा धरण यांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेस ठेक्याने दिलेला असतो. सातबारा आपल्या नावाचा असला तरी शेजारचे पाणी आपले होत नाही. संस्थेस विचारून, तिची परवानगी घेऊनच गळ टाकावा. तिच्या सभासदांचा संसार त्या पाण्यावर चालतो.

शेवटी नोंदवहीविषयी. ज्याने पाहणीपत्रके लिहिली त्यास हे सांगावे लागत नाही, परंतु शेतकरी बंधूंस आग्रहाने सांगतो : प्रत्येक वेळची तारीख, वेळ, पाण्याची निवळ वा गढूळ स्थिती, आमिष, खोलीचा आकडा, आणि लागलेल्या माशाचे वजन एका वहीत टिपावे. काहीच लागले नाही तर तेही टिपावे. एक वर्ष वही चालविली की आपल्या तळ्यात मरळ कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या घटकेस असते, हे कोणास विचारण्याची गरज राहत नाही. शिवाय किती मरळी काढल्या व त्या वर्षी कटला-रोहूचे उत्पन्न किती आले, हे शेजारी शेजारी मांडता येईल. त्या दोन आकड्यांवरून या विद्येची किंमत ज्याची त्याने ठरवावी.