पिशवीत आधी कागद

अधारताल, जबलपूर
५ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस,


पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तू ठरवलंस, घर नुसतं हरखून गेलं आहे. तुझी आई डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागली आहे, आजीच्या मऊ लुगड्यांची दुपटी धुऊन ठेवली आहेत. तेव्हा झबली-टोपडी पुण्याहून आणू नकोस. दवाखान्याच्या पिशवीबद्दल माझं सांगणं एकच: आधी कागद भर, मग कपडे. दुपटं विसरलं तर बाबा घरून आणून देतील. सातव्या महिन्यात तुला कुठलं इंजेक्शन दिलं, हे मात्र रात्री दोन वाजता कुणी आणून देऊ शकत नाही. पुण्याच्या डॉक्टर तुला पहिल्यापासून ओळखतात, इथल्यांना तू नवखी आहेस. प्रसूतिकक्षात मी वर्षानुवर्षं काम केलं. कळा देणाऱ्या बाईला तारखा आठवत नाहीत आणि सोबतची माणसं गांगरलेली असतात. तेव्हा कागदच बोलतो.

तुझ्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. तुझा रक्तगट ओ निगेटिव्ह, जावईबापूंचा पॉझिटिव्ह. २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन घेतलंस, त्याची नोंद सगळ्यात वर ठेव. बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत ते इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. ते चुकलं तर तुझ्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. त्याचा त्रास सहसा या बाळाला होत नाही, पुढच्याला होतो, म्हणूनच आनंदाच्या गडबडीत ते राहून जाण्याची भीती. फायलीवर रक्तगट लाल शाईनं लिही. निगेटिव्ह रक्त ऐन वेळी मिळणं अवघड, म्हणून तुझ्या बाबांना आतापासूनच दाते शोधायला लावलं आहे.

फायलीत माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, चालू औषधं आणि ॲलर्जीची नोंद हवी. पहिली सोनोग्राफी हरवू नकोस, दिवसांचा हिशेब तिच्यावरून पक्का होतो. सगळ्याच्या झेरॉक्स काढ, मोबाइलवर फोटो ठेव. प्रवासात फाइल बॅगेत टाकू नकोस, खांद्यावरच्या पर्समध्ये असू दे. आणि प्रवास कधी करायचा, ते तुझ्या डॉक्टरांना विचारूनच ठरव.

दोघांची आधार कार्डंही आण. जन्माची नोंद इथेच, २१ दिवसांच्या आत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच जन्माचा दाखला लागतो. इथला कारभार हिंदीतला, आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ होतो. आई-वडिलांची नावं आधारवर आहेत तशीच कागदावर लिहून फायलीत ठेव आणि सही करण्याआधी अर्ज वाच.

आता कपडे. पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, मोठे पॅड, चपला, शाल. जानेवारीत इथे कडाक्याची थंडी असते, म्हणून बाळाला टोपी, मोजे आणि उबदार दुपटं लागेलच. काजळ, मध, बाळगुटी पिशवीत नको. कुणी मोठ्या माणसानं मायेनं मध चाटवायला आणला, तरी मला पुढे कर, मी समजावीन. बाळ पहिल्या तासाभरात अंगाशी घे आणि छातीला लाव. पहिलं पिवळसर घट्ट दूध हेच त्याचं पहिलं अन्न.

पिशवी ३६ व्या आठवड्याआधी भरून दाराशी असू दे. दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं थोडी. आपल्या जुन्या एल्गिन रुग्णालयात नाव घाल किंवा खासगीत, पण गरज पडली तर पुढे मेडिकल कॉलेजला पाठवतात आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या डॉक्टरांनाही तुझी फाइलच सगळं सांगेल.

रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट पाहू नकोस. घरी गाडी नसली तर १०८ लाव आणि तडक नीघ. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे आणि फाइल कुठे ठेवलीस ते त्यांना दाखव, कारण त्या वेळी ती त्यांनाच काढावी लागणार आहे.

तुझी,
आत्या