गलबत बांधणाऱ्या भाच्याला कानमंत्र

भाचेबुवा, बातमी पोचली. टेबलावर कटर, फेविकॉल आणि फळ्या मांडल्यात म्हणे, आणि आईला तिथं जेवणाचं ताटही ठेवू देत नाहीस. हौस दांडगी आहे, ती तशीच राहू दे. कपाटावर ठेवलेलं आजोबांचं जुनं जहाजही तूच दुरुस्त करणार असं ऐकलं, म्हणून आत्ताच सांगते. चार गोष्टी म्हणून सुरू करते, पण माझ्या चाराच्या किती होतात ते तुला माहीत आहे.

१. आधी गलबत कर, गुराब मागाहून — रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात लिहून ठेवलंय की गलबतं ७० टनांपुढे क्वचितच जात आणि त्यांना दोनच डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांच्या आसपास. लहानावर हात बसला की मोठ्याची भीती वाटत नाही.

२. प्रमाण पहिल्याच दिवशी ठरव आणि त्या मापाचा एक पुठ्ठ्याचा खलाशी कापून टेबलावर उभा कर — १:४८ धरलंस तर साडेपाच फुटी माणूस ३५ मिलिमीटरचा होतो. प्रत्येक दार, शिडी, तोफ त्याच्याशेजारी धर; दार त्याच्या छातीला लागलं की चूक कुणी दाखवायला नको.

३. गुराबेला युरोपी जहाजाचं फुगीर नाक लावू नकोस — तिची नाळ लांब, निमुळती होत पुढे येते आणि तिच्यावर कठडा नसतो, कारण समोरून चढलेल्या लाटेचं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जायला हवं. नाळेच्या मागच्या आडव्या भिंतीला दोन झरोके पाड. त्यातून दोन तोफा नाळेवरून थेट पुढे रोखलेल्या असत. अंदाजानं बांधणारे हमखास इथंच कठडा ठोकतात, आणि मग गुराब कसली, नुसतं कुठलंतरी जहाज.

४. गलबताच्या वरच्या डेकसाठी दुकानात जाऊ नकोस, देवघरात जा — हलकेपणासाठी तो डेक चिरलेल्या बांबूचा करत, आणि उदबत्तीची मागची कोरी काडी म्हणजे चिरलेला बांबूच. जळून उरलेल्या काड्या आजीकडून मागून घे. न विचारता पुडा उचललास तर मी तुला ओळखत नाही.

५. सागवानाचा मोह आवर — खऱ्या जहाजाला साग तो सागच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पण छोट्या जहाजावर सागाच्या रेषा फार मोठ्या दिसतात, आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. हेदूसारखं बारीक पोताचं लाकूड बघ. साग वापरायचाच असेल तर चिकटवण्याच्या जरा आधी स्पिरिटनं पुसून घे.

६. एक फळी डावीकडे लावलीस की पुढची उजवीकडे — एकच बाजू पुरी केली तर ओढ बसून सांगाडा पिळतो, आणि पिळलेला सांगाडा पुन्हा सरळ होत नाही. डावीला दिलं ते उजवीला द्यावं, म्हणजे जहाज वाकडं बघत नाही.

७. फळ्या टोकांकडे निमुळत्या करत ने — पोटाशी घेर मोठा, नाळेशी लहान, मग सगळ्या फळ्या पुऱ्या रुंदीनं तिथं मावणार कशा? मात्र कुठलीही फळी निम्म्याहून अरुंद करू नकोस.

८. वाकवायची फळी गरम पाण्यात भिजव, वाकव, सांगाड्यावर नुसती बांधून ठेव आणि पुरी वाळल्यावरच चिकटव — ओली चिकटवलेली फळी वाळताना आकसते आणि फट पडते. वाफेसाठी आईची इस्त्री घेऊ नकोस. लाकडाचा डाग पांढऱ्या साडीवर उतरला की माझं नाव पुढे करशील.

९. फेविक्विक ड्रॉवरमध्येच राहू दे — तो पांढरट डाग सोडतो आणि विचार बदलायला वेळ देत नाही. साधा फेविकॉल पाण्यानं किंवा स्पिरिटनं मऊ करून सांधा सोडवता येतो. सोडवता येईल तेच चिकटवावं.

१०. दोर सुती दोऱ्याचे कर आणि प्रत्येक दोरा पिवळ्या मेणावरून ओढून घे — लव बसते, गाठ धरते. रंग तपकिरी ठेव, आपल्याकडच्या जहाजांवर काथ्या असे. डांबराचे काळे दोर युरोपी जहाजांना शोभतात.

११. दोर सतारीसारखे ताणू नकोस — जूनची दमट हवा लागली की सुती दोरा आखडतो आणि बारीक डोलकाठी वाकवून टाकतो.

१२. झेंडा लावशील तेव्हा शिडांकडे बघ — वारा ज्या दिशेला शिडं फुगवतो, त्याच दिशेला झेंडा उडतो. शिडं पुढे फुगलेली आणि झेंडा मागे फडकतोय अशी जहाजं भल्याभल्यांच्या दिवाणखान्यात आहेत. तिथं काही बोलू नकोस, घरी येऊन हस.

१३. आता आजोबांचं जहाज. हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढ — एकदा दोर सुटला की तो कुठून कुठं जात होता हे कुणालाच आठवत नाही, घरात भांडण मात्र होतं.

१४. पडलेला प्रत्येक तुकडा डबीत, आणि डबीवर कुठं सापडला ते लिही — आज कचरा वाटणारी काडी उद्या शिडाची आडवी काठी निघते.

१५. धूळ मऊ ब्रशनं वरून खाली काढ, फडकं नको — फडक्यात दोर अडकतो आणि त्यामागून डोलकाठी येते. चिकट मळ राहिलाच तर कापसाची काडी जिभेवर किंचित ओली करून फिरव, मग डिस्टिल्ड वॉटरच्या काडीनं पूस. नाक मुरडू नकोस. संग्रहालयातले जाणकारही लाळ वापरतात, तिच्यातली पाचकं मळ सोडवतात. पहिला प्रयोग मात्र मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात.

१६. जुन्या तोफांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नकोस — तोफा शिशाच्या असतील तर ती भुकटी विषारी असते. मास्क आणि हातमोजे घाल, लहानग्यांना लांब ठेव.

१७. काचेची पेटी पूर्ण बंद करू नकोस, मागे जाळी लावलेली दोन भोकं ठेव — काही लाकडं आणि प्लायवूड आंबट वाफ सोडतात, ती कोंडली की शिसं अशीच भुकटी होऊन झडतं.

१८. बारीक भोकं आणि त्याखाली ताजा भुसा दिसला तर जहाज त्याच दिवशी पिशवीत बंद करून बाजूला ठेव — आत भुंगा आहे, आणि तो आजोबांच्या जहाजावर थांबणार नाही, तुझ्या नव्या गलबताकडेही येईल.

१९. जुना रंग उडालेला असला तरी सबंध जहाज नव्यानं रंगवू नकोस — आजोबांच्या हाताचे ब्रशचे फटकारे त्या रंगातच आहेत.

२०. काम संपलं की बुडाखाली पेन्सिलीनं लिही: काय बदललं, कुठला गोंद, कुठलं लाकूड, साल कुठलं — पुढं कुणीतरी ते उघडणारच, त्याला अंदाज करत बसायला नको.

गलबताचा सांगाडा उभा राहिला की फळ्या मारण्याआधी एकदा मला दाखवायला आण. दिवाळीपर्यंत थांबू नकोस, आणि एसटीत मांडीवर धरून आण; सामानाच्या फळीवर ठेवू नकोस.